कोतवाल, फौजदार, हवालदार

तालुक्याच्या गावातील कोणत्याही पोलीस ठाण्याच्या ओसरीवर सकाळचे दोन तास स्वस्थ बसून राहावे आणि येणारा-जाणारा आतल्या माणसांना कोणत्या नावाने हाक मारतो एवढेच कान देऊन ऐकावे, म्हणजे महाराष्ट्राच्या गेल्या साडेतीनशे वर्षांच्या राज्यकारभाराचे निरनिराळे थर एकाच छपराखाली बोलत आहेत असे ध्यानात येते. बांधावरून झालेल्या मारामारीची फिर्याद घेऊन आलेला म्हातारा दारातच 'फौजदारसाहेब आहेत का?' असे विचारतो. त्याच्याबरोबर आलेला, कॉलेजात शिकलेला पुतण्या त्याच अधिकाऱ्याला 'पीएसआय साहेब' म्हणतो. आतल्या टेबलाशी बसलेला ठाणे अंमलदार जबाब लिहिताना त्याच अधिकाऱ्याचा उल्लेख 'पोउपनि' अशा चार अक्षरांत उरकतो. आणि दारावरच्या पाटीवर मात्र 'पोलीस उपनिरीक्षक' अशी पूर्ण, भारदस्त अक्षरे असतात. अधिकारी एकच, पण त्याचे पहिले नाव मोगलाईतून आले, दुसरे इंग्रजी अमदानीतून, तिसरे दप्तराच्या घाईतून आणि चौथे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर शासनाने सिद्ध केलेल्या परिभाषेतून.

पोलिसांना लोक काय म्हणतात हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या हाती दंड आहे त्याला प्रजा कोणत्या नावाने संबोधते, भीतीने, आदराने, सलगीने की तुच्छतेने, यावरून राज्य आणि प्रजा यांच्यातील अंतर जितके अचूक मोजता येते तितके कोणत्याही अहवालावरून येत नाही, अशी माझी खात्री आहे. म्हणूनच या नावांची हकीकत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

आरंभ कोतवालापासून करणे उचित होईल, कारण या सर्व नावांत त्याच्याइतके उच्च शिखर आणि त्याच्याइतकी खोल उतरण दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही. कोटाचे रक्षण करणारा तो कोट्टपाल. हा आपला देशी शब्द फारसी दप्तरात जाऊन कोतवाल झाला आणि मोगल बादशहांच्या नगरव्यवस्थेत त्याने फार मोठे स्थान मिळविले. 'आईने अकबरी'त अबुल फजलने कोतवालाच्या कर्तव्यांची जी जंत्री दिली आहे तीत रात्रीची गस्त, घराघरांची नोंद, परक्या माणसांवर नजर, बाजारातील वजनमापांची तपासणी आणि बेवारस मालाचा ताबा ही सारी कामे येतात. म्हणजे आजचा पोलीस आयुक्त, महानगरपालिकेचा आयुक्त आणि वैधमापन अधिकारी हे तिघे मिळून जे करतील ते हा एकटा माणूस करीत असे. पेशवाईतल्या पुण्यातही कोतवालाचा अंमल असाच व्यापक होता. शहरातील किरकोळ तंटे तोडणे, बाजारभाव ठरविणे, घरांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख करणे, सरकारी कामासाठी मजूर पुरविणे ही कामे कोतवाल चावडीवर चालत, आणि त्या चावडीचे नाव काढताच भलेभले आवाज खाली आणीत.

त्याच चावडीने घाशीरामालाही पाहिले. उत्तर हिंदुस्थानातून येऊन पुण्यात स्थिरावलेला घाशीराम सावळदास १७७७ मध्ये नाना फडणविसांच्या मर्जीने कोतवाल झाला आणि पुढची चौदा वर्षे त्याच्या हेरांचे आणि दंडांचे भय शहरावर राहिले. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याच्या माणसांनी पकडून कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण कोंडवाड्यात गुदमरून मेले, शहर खवळले, आणि ज्या सत्तेने त्याला उभे केले होते तिनेच त्याला जमावाच्या स्वाधीन केले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली रंगमंचावर आले तेव्हापासून तर 'घाशीराम कोतवाल' ही दोन नावे मराठी मनात अशी जोडली गेली की एकाचा उच्चार केला की दुसरे आपोआप ओठावर येते. आणि पुण्याच्या इतिहासात त्याच्या आधी आणि नंतर होऊन गेलेले सारे कोतवाल, त्यांतले न्यायी आणि कर्तव्यदक्षही, या एका माणसाच्या सावलीत कायमचे झाकले गेले. एका दुर्वृत्त अधिकाऱ्यामुळे अख्ख्या पदाचे नाव डागाळते याचे यापेक्षा ठळक उदाहरण आपल्या भाषेत नाही.

आणि त्याच कोतवालाचे पुढे काय झाले? इंग्रजी अमलात शहरांतून तो नाहीसा झाला. मात्र खेड्यांत त्याचे नाव एका अगदी निराळ्या वाटेने पुन्हा उगवले. गावची निरोपानिरोपी, सरकारी सारा पोहोचविणे, चोरांचा माग काढणे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई, ही सारी कामे पिढ्यान् पिढ्या महार वतनदारांवर लादलेली होती. या वतनाने माणसाला बांधून टाकले आहे हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले होते. अखेर कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा झाला आणि वतनाऐवजी मानधनावर नेमलेला गावपातळीवरचा सेवक आला, त्याला 'कोतवाल' हे नाव मिळाले. तलाठ्याच्या हाताखाली दवंडी पिटणारा, नोटिसा बजावणारा, पंचनाम्याला पंच गोळा करणारा हा कोतवाल महसूल खात्यातील अगदी शेवटच्या पायरीवर उभा राहिला. ज्या शब्दाने एकेकाळी राजधानी थरथरत असे तो शब्द या रीतीने खाली उतरला, याचा मला खेद वाटत नाही. उलट जन्मजात वेठबिगारीच्या जागी मोबदल्याची नोकरी आली आणि तिला एक जुने, मानाचे नाव लाभले, ही गोष्ट मला न्याय्यच वाटते. खेद वाटायचा तो त्याच्या अपुऱ्या मानधनाचा.

निजामाच्या राज्यात मात्र कोतवालाचा रुबाब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. हैदराबाद शहराच्या पोलीसप्रमुखाला कोतवाल असेच म्हणत, आणि १९२० ते १९३४ या काळात त्या पदावर असलेल्या राजाबहादूर वेंकटराम रेड्डी यांची कीर्ती आजही तेथे सांगितली जाते. आपल्या मराठवाड्यातील पाच जिल्हे त्या राज्यात असल्यामुळे तेथे पोलीस खात्याला 'कोतवाली' आणि फौजदाराला 'अमीन' म्हणत असत. त्याच मराठवाड्यात 'पोलीस' हा शब्द एका विलक्षण अर्थाने रुजला आहे. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्याने रणगाड्यांसह चढाई करून निजामाचे राज्य खालसा केले, त्या सैनिकी मोहिमेला सरकारने 'पोलीस कारवाई' असे नाव दिले, आणि मराठवाड्यातील जुनी माणसे वर्षांचा हिशेब 'पोलीस ॲक्शनच्या आधी' आणि 'पोलीस ॲक्शननंतर' असा सांगू लागली. आपल्याच देशाच्या पोटातील बंड मोडण्याचे काम हे परराष्ट्राशी युद्ध नव्हे, हे जगाला सांगण्यासाठी निवडलेला तो शब्द होता. राजनीतीच्या गरजेने घेतलेला शब्द खेड्यापाड्यांच्या कालगणनेत जाऊन बसला.

कोतवाल नगराचा, तसा फौजदार मुलखाचा. मोगल व्यवस्थेत सरकार नावाच्या विस्तीर्ण विभागावर फौजदार नेमला जाई. त्याच्या दिमतीला खरोखरीची फौज असे, आणि बंडखोर जमीनदारांचा बंदोबस्त करणे, वाटमाऱ्यांना आळा घालणे, वसुलीच्या कामी दिवाणी अंमलदारांना बळ पुरविणे ही त्याची कामे. दिवाणाकडे पैशाचे आणि मालमत्तेचे तंटे, फौजदाराकडे मारामारी आणि खूनदरोड्याचे. यावरूनच न्यायाच्या दोन शाखांना 'दिवाणी' आणि 'फौजदारी' ही नावे पडली, आणि राज्ये बुडाली, भाषा बदलल्या, तरी ती आपल्या न्यायालयांत ठाण मांडून राहिली. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात ज्याला चीफ कॉन्स्टेबल म्हटले आणि पुढे फ्रेझर आयोगाच्या १९०२-०३ च्या शिफारशींनंतर सब-इन्स्पेक्टर म्हटले, त्याला लोकांनी आपणहून 'फौजदार' ही पदवी बहाल केली; कारण गावात घोड्यावरून येणारा, हाताखाली शिपाई बाळगणारा आणि मारामारीची चौकशी करणारा माणूस फौजदार असतो हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. नाशिकच्या पोलीस प्रबोधिनीतून दोन तारे खांद्यावर लावून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या गावी आजही 'पोरगा फौजदार झाला' असेच म्हणतात, पेढे त्याच नावाने वाटतात, आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्री जागविणाऱ्या हजारो मुलामुलींच्या स्वप्नात 'उपनिरीक्षक' असत नाही, 'फौजदार'च असतो. सहायक उपनिरीक्षकाला तर खात्याच्या कागदांतसुद्धा कित्येकदा 'सहायक फौजदार' असे लिहिलेले आढळते.

येथे एक बदल नोंदविला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. नव्या कायद्याच्या नावात 'फौजदारी' हा शब्द राहिलेला नाही. पण कोर्टाच्या आवारात वकील अजून 'फौजदारी करतो' म्हणजे कोणत्या प्रकारचे खटले चालवितो ते सांगतो, आणि गावात एकाने दुसऱ्यावर 'फौजदारी केली' म्हटले की काय झाले ते समजायला कोणाला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही.

या बाबतीत विदर्भाची रीत वेगळी आहे, आणि मराठी मुलखाच्या पूर्वेतिहासाशी ती सुसंगत आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाच्या कारभाराचा संबंध हिंदी प्रदेशाशी अधिक असल्यामुळे तेथे ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'ठाणेदार' म्हणतात. नागपूर, अमरावतीकडच्या वृत्तपत्रांत हा शब्द आजही बातम्यांतून सर्रास छापला जातो. मुंबईत त्याच अधिकाऱ्याला नुसते 'सीनियर' म्हणतात. पुण्याकडचा वाचक 'ठाणेदारांची बदली' असा मथळा वाचून क्षणभर थबकतो, तर नागपूरच्या वाचकाला 'सीनियर'चा उलगडा होत नाही. राज्य एक होऊन साठांहून अधिक वर्षे लोटली, पण जुन्या राजवटींच्या कारभाराचे वळण बोलण्यातून गेलेले नाही.

हवालदाराची कथा मला सर्वांत जवळची वाटते. ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार. हवाली करणे, हवालात, हवाला हे सारे त्याच कुळातले शब्द. शिवछत्रपतींच्या व्यवस्थेत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन मुख्य अधिकारी असत. त्यांत गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात राहत. संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याची आणि पहाटे उघडल्याची जबाबदारी त्याची. सभासदाच्या बखरीत पायदळाची जी रचना सांगितली आहे तीत नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, आणि त्याच्यावर जुमलेदार, हजारी अशी चढती श्रेणी आहे. म्हणजे आज ज्याच्या बाहीवर तीन फिती दिसतात त्या पोलीस हवालदाराचे नाव एकेकाळी रायगड-राजगडाच्या दरवाजाशी निगडित होते. पद खाली आले असेल, परंतु शब्दातील अर्थ जराही उणावलेला नाही: आजही मुद्देमालाची खोली, कोठडीतला आरोपी, रात्रीची गस्त हे सारे कोणाच्या तरी हवाली असते, आणि तो बहुधा हवालदारच असतो.

लोकांनी हे नाव मोठ्या उदारपणे वापरले. बाहीवर एकही फीत नसलेल्या नव्या शिपायालाही दुकानदार 'हवालदारसाहेब' म्हणतो. समोरच्याला एक पायरी वर चढवून संबोधणे ही आपल्याकडची जुनी व्यवहारनीती आहे. त्यात कामाची निकड असते, भीतीही असते, आणि पुष्कळदा निखळ सौजन्यही असते.

हवालदाराच्या खालचा 'नाईक' मात्र महाराष्ट्राच्या पोलीस दलातून आता गेला आहे. २०२२ मध्ये शासनाने पोलीस नाईक हे पदच रद्द केले, जेणेकरून शिपायाला हवालदार, सहायक उपनिरीक्षक आणि निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षक या पायऱ्या लवकर चढता याव्यात. निर्णय शिपायांच्या हिताचाच आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. तरीही एक प्राचीन नाव दलाच्या हजेरीपटावरून पुसले गेले ही नोंद इतिहासासाठी राहिली पाहिजे. कारण पुरंदर आणि त्याभोवतीच्या गडांची राखण करणाऱ्या रामोश्यांचे प्रमुख 'नाईक' म्हणविले जात, आणि पेशवाई बुडाल्यावर त्यांचे रखवालीचे हक्क इंग्रजांनी काढून घेतले तेव्हा त्यांतूनच उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. ज्या जमातीने पिढ्यान् पिढ्या मुलखाची राखण केली तिलाच पुढे चोर ठरविले जावे, आणि नंतर पुण्या-मुंबईच्या बंगल्यांवर राखणीला नेमलेल्या माणसाला 'रामोशी' हेच सामान्यनाम पडावे, ही या नावांच्या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना आहे.

मुंबईची परंपरा आणखी वेगळी. एस. एम. एडवर्ड्स हे १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांनी लिहिलेला शहर पोलिसांचा इतिहास १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचा आरंभ सतराव्या शतकातील भंडारी पथकापासून होतो. बेटावरील भंडारी समाजातून उभारलेले हे पथक मुंबई पोलिसांचे मूळ मानले जाते. पुढे निळा डगला आणि पिवळी टोपी घातलेला शिपाई हे कित्येक पिढ्यांच्या मुंबईकरांच्या बालपणीचे चित्र झाले. पट्ट्यावरच्या पितळी बक्कलावर कोरलेला क्रमांक हीच त्याची सरकारदरबारी ओळख. आजही पोलिसाच्या नावापुढे 'ब. नं.' असे लिहून जो आकडा घालतात तो हाच 'बक्कल नंबर'. पट्टा बदलला, बक्कल बदलले, शब्द राहिला.

गोव्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. तेथे पोर्तुगीज राजवटीचे शेवटचे पर्व चालू असताना १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट आदींच्या सत्याग्रही तुकड्या महाराष्ट्रातून सीमा ओलांडून गेल्या, तेव्हा त्यांना पोलिसांची एक परकी शब्दसृष्टी भेटली. तीत सर्वांत धास्तीचे नाव 'आजेंत मोंतेरो' हे होते. 'आजेंत' हा वास्तविक पोर्तुगीज पोलिसांतील एक साधा हुद्दा; पण काझिमिरो मोंतेरो याने स्वातंत्र्यसैनिकांचा जो छळ केला त्यामुळे गोव्यातील जुन्या माणसांना तो शब्द उच्चारतानाही चीड येते. घाशीरामाने कोतवालाचे जे केले तेच मोंतेरोने आजेंताचे केले.

गावाकडे वळले की पोलीस पाटील भेटतो. पाटील हा गावचा कारभारी, वतनदार. चोरी झाली आणि माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत गेला तर तो माग पुढे नेण्याची किंवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या गावावर येई, आणि तिचा धनी पाटील असे. एल्फिन्स्टनने पेशव्यांचा मुलूख ताब्यात घेतल्यावर ही व्यवस्था मोडली नाही, उलट १८२७ च्या नियमांत पाटलाचे पोलिसी अधिकार बांधून दिले. स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. आता या जागेवर कोणत्याही जातीचा माणूस येतो, स्त्रियाही येतात. पूर्वी 'पाटलीण' म्हणजे पाटलाची बायको; आज कित्येक गावांत पोलीस पाटील स्वतःच बाई असते आणि तिच्या सहीशिवाय मयताच्या पंचनाम्याचे काम पुढे सरकत नाही. 'हवालदारीण', 'फौजदारीण' हे शब्दही असेच पत्नीवाचक होते. ज्या राज्यात २०२४ साली रश्मी शुक्ला यांच्या रूपाने पहिली महिला पोलीस महासंचालक झाली, तेथे ते आता मागे पडावेत हे स्वाभाविक आहे. ठाण्याच्या कागदांवर 'मपोशि' ही नवी अक्षरे, म्हणजे महिला पोलीस शिपाई, आता सर्वत्र दिसतात.

ही झाली हुद्द्यांची नावे. रस्त्यावरची नावे निराळी. लहान मुलाला आपण 'पोलीसमामा' म्हणायला शिकवितो. मामा हा आईकडचा, लाड करणारा. शाळेतल्या शिपायालाही मुले मामाच म्हणतात. मोठी माणसेही चौकातल्या शिपायाला 'मामा' म्हणतात, आणि बहुतेकांच्या मनात त्या वेळी सलगीच असते. परंतु 'पांडू' या शब्दाचे तसे नाही. दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' हा चित्रपट १९७५ साली आला. त्यापूर्वी वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातही कोंडके यांनी हवालदारच उभा केला होता. दोन्ही भूमिकांवर महाराष्ट्राने मनापासून प्रेम केले, आणि पडद्यावरचा पांडू हा भोळा, भला माणूस होता. पण चित्रपटगृहातून बाहेर पडलेले ते नाव हळूहळू टवाळीचे झाले. सिग्नल मोडून पळणारा तरुण वाहतूक शिपायाला उद्देशून 'पांडू' असे ओरडतो तेव्हा त्यात कलावंताविषयी प्रेम नसते, कष्टकऱ्याविषयी तुच्छता असते. दिल्लीत 'ठुल्ला' हा असाच शब्द आहे. २०१५ साली तेथील मुख्यमंत्र्यांनी एका मुलाखतीत तो वापरला, एका शिपायाने बदनामीची फिर्याद केली, आणि उच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ काय असे मुख्यमंत्र्यांनाच विचारले. त्या शिपायाला तो शब्द लागला हे मला अगदी समजण्यासारखे वाटते. उन्हातान्हात उभे राहणे, गणपतीपासून नाताळापर्यंत प्रत्येक सणाला घर सोडून बंदोबस्तावर जाणे, बारा-बारा तासांची पाळी, हे ज्याच्या नशिबी आहे त्याला निदान नावाने तरी हिणवू नये. मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून सुरू झाला, आणि ती कल्पना एका साध्या अंमलदाराने मांडलेली होती, हे कितीजणांना ठाऊक आहे?

आता याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लोक पोलिसांना काय म्हणतात याचा विचार करताना पोलीस लोकांना काय म्हणतात हेही पाहावे लागते. कागदावर आपण सारे 'सदर इसम' असतो. 'इसम' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नाव असा आहे; दप्तरात मात्र तो नाव नसलेल्या माणसासाठी वापरला जातो. आणि तोंडी संबोधनाची तऱ्हा माणसाच्या कपड्यांवरून ठरते: मोटारीतून उतरलेल्याला 'या, बसा', हातगाडीवाल्याला 'ए, हो बाजूला'. पन्नाशीच्या भाजीवालीला पंचविशीचा शिपाई एकेरीत हाक मारतो तेव्हा त्या बाईच्या मनात पोलीस या शब्दाचा जो अर्थ ठसतो तो कोणत्याही ब्रीदवाक्याने पुसता येत नाही. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद अत्यंत उदात्त आहे. त्यातील सज्जन म्हणजे ती भाजीवालीच. आपल्या भाषेत 'पोलिसात जाणे' याचे दोन अर्थ होतात, नोकरीला लागणे आणि तक्रार घेऊन जाणे. पहिल्या अर्थाने पोलिसात जाणाऱ्या मुलाला घरचे आनंदाने निरोप देतात. दुसऱ्या अर्थाने जाण्याची वेळ आलेला माणूस मात्र चार ठिकाणी सल्ला घेऊन, ओळखीचा माणूस बरोबर घेऊन, भीत भीत पायरी चढतो. हे दोन अर्थ एकमेकांजवळ येतील त्या दिवशी पोलीस खात्याने मोठे काम केले असे मी म्हणेन.

यासाठी कायद्याने एक मार्ग केव्हाच दाखविला आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात जे निर्देश दिले त्यांतला पहिलाच असा आहे, की अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट, अचूक आणि दिसेल अशा रीतीने लावलेला असला पाहिजे. पुढे ही तरतूद कायद्यातच आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. छातीवरची ती पट्टी नागरिकाचे रक्षण करते, कारण ज्याचे नाव ठाऊक आहे त्याला जाब विचारता येतो. आणि ती पोलिसाचेही रक्षण करते, कारण ज्याचे नाव ठाऊक आहे त्याला कोणी सहसा 'पांडू' म्हणत नाही. खेदाची गोष्ट अशी की बंदोबस्ताच्या ऐन गर्दीत, विशेषतः लाठीमाराच्या प्रसंगी, ही पट्टी कित्येकांच्या छातीवर दिसत नाही.

नावाइतकाच हुद्दाही अचूक घेतला पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असताना हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे अनेकांच्या बोलण्यात अजून 'शिपाई' किंवा 'हवालदार' असतात. ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते, म्हणजे जुन्या बोलीत सहायक फौजदार. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंब्याचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, आणि २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या कोळ्याच्या जातीला संशोधकांनी त्यांच्या नावावरून 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. संशोधकांनी जेवढी काळजी घेतली तेवढी आपण बोलताना का घेऊ नये?

म्हणून वृत्तपत्रांच्या संपादकांना माझी आग्रहाची विनंती आहे. मोठी कारवाई झाली की बातमीत आयुक्तांपासून निरीक्षकापर्यंत सर्वांची नावे हुद्द्यांसह येतात आणि शेवटी 'व त्यांच्या पथकाने' एवढ्यावर बाकीच्यांची बोळवण होते. त्या पथकातील हवालदार आणि शिपाई यांची नावेही हुद्द्यासह छापावीत, आणि लाच घेताना सापडलेल्याचेही तितक्याच नेमकेपणाने छापावे. पोलीस अधिकाऱ्यांनी आपल्या ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो फिर्यादी असो की संशयित, 'अहो' म्हणण्याची सक्ती हाताखालच्यांवर करावी, आणि छातीवरच्या पट्टीविना कोणालाही बंदोबस्तावर पाठवू नये. आणि वाचकहो, येत्या दिवाळीत आपल्या चौकात जो उभा असेल त्याची पट्टी वाचा आणि त्याला त्याच्या आडनावाने हाक मारा.